घरात सूर्य? बारा वर्षांच्या पोराचा फ्यूजर आणि मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर

नेहमीप्रमाणे हा आपल्या भागाचा लेखी अवतार. बोलताना मध्ये मध्ये येणारे 'अं', 'म्हणजे' आणि खिडकीबाहेरचा भाजीवाला काढून टाकलाय. एका ठिकाणी आकडेमोड घाईत उरकली होती, ती इथे सावकाश मांडली आहे. ज्यांनी भाग ऐकलाय त्यांनी निदान तेवढी तरी वाचा.

सुरुवात एका व्हॉइस मेसेजपासून. सांगलीकडचा एक श्रोता आहे, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला. तो म्हणतो, "ताई, एक रील बघितलं. अमेरिकेत बारा वर्षांच्या पोरानं घरात न्यूक्लिअर फ्यूजन केलंय म्हणे. खरं हाय का हे? खरं असंल तर मी पण करणार. भंगारातनं मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून ठेवलाय. पुढं काय काय लागतंय तेवढं सांगा की."

मी आधी त्याला एका ओळीचं उत्तर पाठवलं: ट्रान्सफॉर्मरला हात लावू नकोस, प्लगमध्ये तर अजिबात घालू नकोस, बाकी सविस्तर सांगते. हे ते सविस्तर.

पहिलं उत्तर: हो, खरं आहे. मुलाचं नाव जॅक्सन ओसवॉल्ट, गाव मेम्फिस, टेनेसी राज्य. १९ जानेवारी २०१८ रोजी, तेराव्या वाढदिवसाला काही तास उरले असताना, त्यानं घरातल्या खेळायच्या खोलीत बांधलेल्या यंत्रात ड्युटेरियमच्या अणुकेंद्रकांचं संमीलन घडवलं. गिनीज बुकनं त्याची नोंद घेतली. त्याच्याआधी २००८मध्ये टेलर विल्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलानं नेव्हाडातल्या रिनो शहरात, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेच्या मदतीनं हेच केलं होतं. मग २०१४मध्ये इंग्लंडमधल्या प्रेस्टनजवळच्या एका शाळेत १३ वर्षांच्या मुलानं केलं. आणि जगभरात निवृत्त इंजिनिअर, रेडिओचे शौकीन, व्हॅक्यूम पंपांचे वेडे अशी बरीच मोठी माणसंही गॅरेजमध्ये हे करतात. त्यांची रील होत नाहीत, कारण बनियनवर बसलेले साठ वर्षांचे काका कोण बघणार?

तर फ्यूजन खरं. पण रीलमध्ये त्यापुढे जे जोडलेलं असतं, 'घरच्या घरी सूर्य', 'मोफत वीज', 'शास्त्रज्ञांना जमलं नाही ते पोरानं केलं', ते खरं नाही. आणि मधल्या जागेत जे आहे ते मला या दोन्हींपेक्षा जास्त भारी वाटतं.

आधी दोन मिनिटं फ्यूजन म्हणजे काय ते. हलकी अणुकेंद्रकं एकमेकांत मिसळून जड केंद्रक होतं आणि ऊर्जा सुटते. अडचण अशी की दोन्ही केंद्रकं धन भाराची, म्हणजे एकमेकांना ढकलणार. ती प्रचंड वेगानं एकमेकांवर आदळली तरच जवळ येऊन चिकटण्याची थोडीफार शक्यता. वेग म्हणजे वायूच्या भाषेत तापमान. सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश तापमान आहे, आणि तिथेही ही गोष्ट इतकी सावकाश चालते की गाभ्याच्या एका घनमीटरमधून तीनशे वॅटपेक्षाही कमी उष्णता निघते. शेणखताचा ढीग साधारण तेवढाच तापतो. सूर्य तळपतो तो निव्वळ आकाराच्या जोरावर. आपल्याकडे तो आकार नाही, म्हणून आपल्याला सूर्याहूनही जास्त तापमान लागतं.

मग मेम्फिसच्या पोरानं घरात कोट्यवधी अंश कुठून आणले?

इथे एक सोपी गंमत आहे. विद्युतभार असलेला कण व्होल्टेजच्या उतारावरून सोडला की तो वेग घेतो. एका व्होल्टच्या उतारावर एका इलेक्ट्रॉनएवढ्या भाराच्या कणाला जी ऊर्जा मिळते, ती तापमानात मोजली तर सुमारे ११,६०० अंश भरते. मग १० हजार व्होल्ट म्हणजे ११ कोटी ६० लाख अंश. (भौतिकशास्त्राचे सर इथे नाक मुरडतील. एकाच दिशेनं पळणाऱ्या कणांना 'तापमान' म्हणत नाहीत, हे बरोबर आहे सर. पण अंदाज घ्यायला चालतंय.) आणि १० हजार व्होल्ट ही काही आकाशातली गोष्ट नव्हे. आपल्या लहानपणीचा तो डब्बा टीव्ही आठवतोय? रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये २० ते २५ हजार व्होल्ट असायचे. म्हणजे सूर्याला लाजवेल एवढ्या ऊर्जेचे कण आपण शोकेसमध्ये ठेवून त्यावर क्रोशाचं कापड घातलं होतं. फक्त ते इलेक्ट्रॉन होते, त्यांच्यात फ्यूजन होत नाही.

टीव्हीचं नाव उगाच काढलं नाही. हे यंत्र ज्यानं काढलं, त्यानंच इलेक्ट्रॉनिक टीव्ही काढला होता.

फायलो फार्न्सवर्थ. १९०६ साली अमेरिकेतल्या युटा राज्यात जन्म, शेतकरी कुटुंब. चौदाव्या वर्षी आयडाहोमध्ये बटाट्याचं शेत नांगरताना त्याला सुचलं म्हणतात, की शेतात जशा ओळीमागून ओळी पडतात तसं चित्रही ओळीओळीनं पाठवता येईल. ७ सप्टेंबर १९२७ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यानं सॅन फ्रान्सिस्कोमध्ये पहिलं पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक चित्र पाठवून दाखवलं. पुढे पेटंटची भांडणं, मोठ्या कंपन्यांशी झटापट, ते सगळं एका वेगळ्या भागाचं मटेरियल आहे. आपल्या कामाचं एवढंच की व्हॅक्यूम ट्यूब घेऊन खेळताना त्याच्या लक्षात आलं, की विशिष्ट परिस्थितीत ट्यूबच्या बरोबर मधोमध, भिंतींना न शिवता, प्रकाशाचा एक ठिपका तरंगतो. म्हणजे भारित कण मध्यभागी गोळा होताहेत. ही गोष्ट त्याच्या डोक्यात राहून गेली.

नंतर काळच तसा आला. ऑगस्ट १९५५मध्ये जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. तिचे अध्यक्ष होते आपले होमी भाभा. अध्यक्षीय भाषणात त्यांनी भाकीत केलं, की फ्यूजनची ऊर्जा नियंत्रित पद्धतीनं मिळवण्याचा मार्ग येत्या दोन दशकांत सापडेल. तोवर हा विषय बड्या देशांच्या गुप्त कपाटात होता, भाभांनी तो भर सभेत काढला. दोन दशकं १९७५ला संपली, ते सोडा. मुद्दा असा की तेव्हा हुशार माणसांना हे अगदी हाताशी आल्यासारखं वाटत होतं.

फार्न्सवर्थ तेव्हा इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन इथे आयटीटी या कंपनीच्या प्रयोगशाळेत होता. तिथे त्यानं जुनी कल्पना बाहेर काढली आणि 'फ्यूजर' बांधला. १९६६मध्ये पेटंट मिळालं. त्याच्यासोबत काम करणाऱ्या रॉबर्ट हर्श या तरुण शास्त्रज्ञानं १९६७मध्ये यंत्राचे निकाल छापले, आणि त्यातून न्यूट्रॉन भरपूर निघत होते. पण खर्च वाढत गेला, वीज काही निघेना, कंपनीनं हात आखडता घेतला, आणि १९७१मध्ये फार्न्सवर्थ वारला. गंमत म्हणजे हर्श पुढे अमेरिकी सरकारच्या फ्यूजन कार्यक्रमाचा प्रमुख झाला, आणि त्यानं पैसा लावला तो फ्यूजरवर नाही, टोकामॅकवर. टोकामॅक म्हणजे चुंबकांनी वेढलेलं मेदूवड्याच्या आकाराचं भलंमोठं यंत्र. स्वतः फ्यूजर चालवलेल्या माणसानं त्याला सोडून दिलं, यावरून काय समजायचं ते समजा.

आता यंत्राच्या आत डोकावूया. हौशी मंडळी जे बनवतात ते फ्यूजरचं सगळ्यात साधं रूप. स्टीलचा पोकळ गोळा, छोट्या कलिंगडाएवढा. त्याच्या मधोमध टंगस्टनच्या तारेची जाळी, टेबलटेनिसच्या चेंडूएवढी. गोळ्यातली हवा पंपानं काढून टाकायची. एसीवाला गॅस भरण्याआधी जो व्हॅक्यूम पंप लावतो, तो इथे फक्त पहिली पायरी. त्यानंतर आणखी एक, बराच महागडा पंप लागतो. हौशी माणसाचे महिनेच्या महिने इथेच जातात. कुठेतरी केसाएवढी गळती असते आणि ती सापडत नाही. मग आत ड्युटेरियम वायू सोडायचा, तोही अगदी चिमूटभर, बाहेरच्या हवेच्या हजारो पट विरळ. आणि मधल्या जाळीला २० ते ४० हजार व्होल्टचा ऋण दाब द्यायचा.

ड्युटेरियमचे अणू फुटून धन भाराचे आयन होतात. सगळीकडून ते मधल्या ऋण जाळीकडे धावतात. जाळी बहुतांश मोकळीच, म्हणून बरेचसे तारांमधून आरपार जातात, पलीकडे चढ लागतो, थांबतात, परत फिरतात. उतारावर सायकल सोडल्यासारखे इकडून तिकडे. मध्यभागी गर्दी होते आणि क्वचित दोन केंद्रकं एकमेकांवर नीट आदळतात. जास्त वेळा एखादं धावतं केंद्रक तिथल्या निवांत वायूवर किंवा भिंतीला चिकटलेल्या ड्युटेरियमवर जाऊन धडकतं. झालं फ्यूजन.

ड्युटेरियम म्हणजे जड हायड्रोजन. आपल्या नळाच्या पाण्यातही असतो, २० लिटरच्या बादलीत साधारण अर्धा-पाऊण ग्रॅम. तो वेगळा काढणं हे मोठ्या कारखान्याचं काम आहे, आणि तसा कारखाना आपल्या अलिबागजवळ थळला आहे. खताच्या कारखान्याला लागून जड पाण्याचा प्रकल्प. मांडव्याला जाताना तुम्ही त्या बाजूनं गेलाही असाल.

बरं, आता ती घाईत गेलेली आकडेमोड. फोनमधला कॅल्क्युलेटर काढा.

समजा आपला घरगुती फ्यूजर उत्तम चाललाय आणि सेकंदाला १० लाख न्यूट्रॉन देतोय. हौशी पातळीवर हा आकडा चांगला म्हणतात. ड्युटेरियमच्या टकरीत साधारण निम्म्या वेळा हीलियम-३ आणि न्यूट्रॉन मिळतो, निम्म्या वेळा ट्रिटियम आणि प्रोटॉन. म्हणजे १० लाख न्यूट्रॉनमागे एकूण २० लाख फ्यूजन. ऐकायला किती मोठं वाटतं ना? पण प्रत्येक फ्यूजनमधून निघणारी ऊर्जा सरासरी साडेतीन-पावणेचार दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. सगळं मिळून होतं एका वॅटच्या दहा लाखाव्या भागापेक्षा किंचित जास्त. आणि यंत्राला आपण देतोय किती? ३० हजार व्होल्ट गुणिले १० मिलिअँपिअर, म्हणजे ३०० वॅट. पंपांची वीज धरलीच नाही.

आता ९ वॅटचा एक एलईडी बल्ब लावायचाय. त्यासाठी सुमारे ७७ लाख फ्यूजर लागतील. ते चालवायला २,३०० मेगावॅट वीज लागेल. कोयना प्रकल्पाची सगळी मिळून क्षमता १,९६० मेगावॅट आहे. म्हणजे अख्खी कोयना जोडली तरी बाथरूममधला एक बल्ब पूर्ण पेटणार नाही. आणि हे फ्यूजनची सगळी ऊर्जा जशीच्या तशी वीज झाली असं धरून.

मग यंत्र सुधारत का नाहीत? सुधारायचा प्रयत्न खूप झाला. मूळ अडचण अशी की आयन फ्यूजन होण्याआधी कितीतरी पटींनी जास्त वेळा नुसते धक्के खाऊन भरकटतात. काही जाळीवर आदळतात आणि जाळी लालबुंद होते. काही वायूच्या साध्या अणूंना आपला भार देऊन मोकळे होतात. दिलेली ऊर्जा उष्णतेत आणि क्ष-किरणांत वाहून जाते. जाळी नसलेल्या युक्त्याही लोकांनी काढल्या, पण १९९५मध्ये एमआयटीतल्या टॉड रायडर यांनी पीएचडीच्या प्रबंधात दाखवलं, की या प्रकारच्या यंत्रांमध्ये गळती भरून निघणं तत्त्वतःच फार अवघड आहे. म्हणून बाकी जग चुंबकांकडे आणि लेझरकडे गेलं. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' टोकामॅक १९८९पासून आहे. फ्रान्समध्ये अनेक देश मिळून 'इटर' बांधताहेत, त्याचं अवाढव्य क्रायोस्टॅट, म्हणजे बाहेरचं थंड ठेवणारं भांडं, गुजरातमध्ये हजिऱ्याला तयार झालं. आणि ५ डिसेंबर २०२२ला कॅलिफोर्नियातल्या लेझर प्रयोगात २.०५ मेगाज्यूल देऊन ३.१५ मेगाज्यूल मिळाले, ती बातमी आठवत असेल. तिथेही एक तळटीप होतीच: तेवढा लेझर उडवायला भिंतीतल्या प्लगमधून सुमारे ३०० मेगाज्यूल घेतले गेले होते. हिशोबात 'किती दिले' कुठून मोजायचं, हे कायम विचारत जा.

म्हणजे घरचा फ्यूजर ऊर्जेच्या दृष्टीनं शून्य. मग त्या पोरानं केलं ते काय? माझ्या मते त्यानं केलेली खरी अवघड गोष्ट रीलमध्ये दिसतच नाही. फ्यूजन झालं, हे त्यानं सिद्ध केलं.

रीलमध्ये काय दिसतं? काचेच्या खिडकीतून जांभळट प्रकाश, मधे चमकणारा तारा. भारी दिसतं, मान्य. पण तो प्रकाश फ्यूजनचा नसतोच. विरळ वायूत वीज खेळवली की तो चमकतो, जाहिरातीच्या निऑन पाटीसारखा. आत ड्युटेरियमऐवजी साधी हवा असली तरी असाच तारा दिसतो. बऱ्याच 'फ्यूजन रिअ‍ॅक्टर' व्हिडिओंमध्ये तेवढंच असतं. मग दुसरा पुरावा दाखवतात, गायगर काउंटरची कटकट. तीही फसवी. हजारो व्होल्टनं पळणारे इलेक्ट्रॉन स्टीलवर आदळले की क्ष-किरण निघतात, आणि काउंटर त्यांनाच ओरडतो. वर उच्च दाबाच्या ठिणग्यांमुळे तारांमध्ये गोंगाट होतो आणि मीटर उगाच आकडे मोजतं.

खरा पुरावा एकच, न्यूट्रॉन. त्याला भार नाही, त्यामुळे तो स्टीलमधून सहज बाहेर येतो. आणि भार नाही म्हणूनच त्याला पकडणं कटकटीचं. आधी त्याचा वेग कमी करावा लागतो. लहानपणी गोट्या खेळलात ना? गोटीनं तेवढ्याच वजनाच्या गोटीला सरळ टोला दिला की पहिली जागीच थांबते. न्यूट्रॉनच्या वजनाची गोटी म्हणजे हायड्रोजनचं केंद्रक. म्हणून ज्यात हायड्रोजन भरपूर, असं मेण किंवा जाड प्लास्टिक मध्ये ठेवतात, आणि मंदावलेले न्यूट्रॉन खास नळीत मोजतात. दुसरा उपाय म्हणजे जेल भरलेली छोटी कुपी. न्यूट्रॉन लागला की तिच्यात बुडबुडा येतो आणि तसाच राहतो. क्ष-किरणांनी येत नाही. बुडबुडे डोळ्यांनी मोजायचे.

आणि माझा आवडता उपाय, चांदी. मेणात चांदीचा पत्रा ठेवायचा आणि यंत्र चालवायचं. मंद न्यूट्रॉन चांदीत शिरले की थोडीशी चांदी किरणोत्सारी होते. यंत्र बंद करायचं, पत्रा काढून गायगर काउंटरजवळ न्यायचा. आता उच्च दाब बंद आहे, क्ष-किरण बंद, ठिणग्या बंद, आणि तरी काउंटर बोलतोय. शिवाय आकडे कमी होतात ते एका ठरलेल्या गतीनं: चांदीच्या एका प्रकाराचं अर्धायुष्य सुमारे २४ सेकंद, दुसऱ्याचं सुमारे २.४ मिनिटं. तुमच्या आलेखात या दोन गती दिसल्या तर न्यूट्रॉन होते, यावर वाद घालायला जागाच उरत नाही. चांदी खोटं बोलत नाही. सोनाराकडची गोष्ट वेगळी.

एवढा कडक पुरावा पोरांकडून मागायचा, हे कुणाला जाचक वाटेल. पण या विषयात मोठमोठे घसरलेत. जानेवारी १९५८मध्ये इंग्लंडच्या हार्वेल इथल्या 'झीटा' यंत्रातून न्यूट्रॉन मिळाले. नोबेल विजेते जॉन कॉकक्रॉफ्ट यांनी पत्रकारांना सांगितलं, की ते तापलेल्या वायूच्या फ्यूजनचेच असल्याची आपल्याला ९० टक्के खात्री आहे. वर्तमानपत्रांनी सूर्य बांधल्याच्या बातम्या छापल्या. मे महिन्यात माघार घ्यावी लागली. न्यूट्रॉन खरे होते, पण वायू तापून नव्हे, प्लाझ्माच्या अस्थिरतेनं वेग दिलेल्या थोड्या कणांमधून आलेले. मग मार्च १९८९मध्ये युटा विद्यापीठात पॉन्स आणि फ्लाइशमन यांनी काचेच्या भांड्यात, खोलीच्या तापमानाला फ्यूजन झाल्याचं जाहीर केलं. लगेच विचारणा झाली: जेवढी उष्णता म्हणताय तेवढं फ्यूजन झालं असेल, तर न्यूट्रॉन कुठे आहेत? तेवढे न्यूट्रॉन निघाले असते तर प्रयोगशाळेत कुणी जिवंत राहिलं नसतं. आपल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही पी. के. अय्यंगार यांच्या नेतृत्वात अनेक गटांनी त्या वर्षी हे प्रयोग केले, आणि न्यूट्रॉन व ट्रिटियम मिळाल्याचे अहवालही दिले. पण हमखास पुन्हा करून दाखवता येईल असा प्रयोग जगात कुणाच्याच हाती लागला नाही, आणि विषय बाजूला पडला.

त्या मानानं मेम्फिसच्या पोराचा दावा छोटा होता. वीज नाही, क्रांती नाही, एवढे न्यूट्रॉन आले आणि हे त्यांचे आकडे. अनुभवी हौशी मंडळींनी ते तपासले, मगच मानले.

आता सांगलीच्या मित्रा, तुझा ट्रान्सफॉर्मर.

मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर सुमारे २,००० व्होल्ट देतो. फ्यूजनसाठी हे इतकं कमी आहे की न्यूट्रॉन मोजण्याइतके निघणारच नाहीत. पण तो करंट मात्र भरपूर देऊ शकतो, आणि हृदय बंद पाडायला लागतो त्याच्या कितीतरी पट. फ्यूजन करायला अपुरा, माणूस मारायला पुरेसा. अमेरिकेत लाकडावर विजेची नक्षी काढायचा एक छंद व्हिडिओंमुळे पसरला, त्यात हाच ट्रान्सफॉर्मर वापरतात, आणि त्यात अनेकांचे जीव गेलेत. त्यातले काही चांगले अनुभवी कारागीर होते.

आणि एक गोष्ट डिप्लोमाच्या मुलांनाही पटकन लक्षात येत नाही. तू म्हणशील, घरात ईएलसीबी आहे, शॉक बसला तर ट्रिप होईल. नाही होणार. ईएलसीबी बघतो की फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत आला का. ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला तुला शॉक बसतो तेव्हा तुझ्यातून जाणारा करंट दुसऱ्या गुंडाळीतल्या गुंडाळीत फिरतो. पहिल्या बाजूला ईएलसीबीच्या दृष्टीनं सगळं जुळतंय. तो शांत बसून राहील. शिवाय ओव्हनमधला कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवतो, हे वेगळंच.

खऱ्या फ्यूजरमध्ये तर २० ते ४० हजार व्होल्ट. हौशी लोकसुद्धा किरणोत्सारापेक्षा याला जास्त घाबरतात. क्ष-किरण त्या दाबाला स्टीलच्या भिंतीत बहुतेक अडतात, पण बघायच्या काचेतून बाहेर येतात, म्हणून शहाणी माणसं डोळा न लावता कॅमेरा लावतात. न्यूट्रॉन कमी असतात, पण त्यांच्यापासूनही अंतर ठेवावं लागतं. आपल्याकडे आणखी एक: ड्युटेरियम हा अणुऊर्जेच्या नियमांखाली नियंत्रित पदार्थ आहे, आणि किरणोत्सर्ग निर्माण करणारं यंत्र चालवायचं तर अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची, परवानगी लागते. थळ कितीही जवळ असलं तरी तिथे बाटली घेऊन जाता येत नाही.

म्हणजे सगळं सोडून द्यायचं? अजिबात नाही. तुला त्या पोरानं केलं त्यातला अवघड भाग करायचाय ना? तो फुग्यावर करता येतो.

हे गंमत म्हणून सांगत नाहीये. जमिनीतून आणि भिंतींमधून रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू सतत थोडाथोडा येत असतो. त्याच्यापासून तयार होणारे अणू हवेतल्या धुळीला चिकटून फिरतात, आणि घासून चार्ज केलेला फुगा त्यांना ओढून घेतो. तळमजल्यावरची खोली किंवा अडगळीची खोली रात्रभर बंद ठेव. सकाळी फुगा लोकरीवर किंवा केसांवर घासून तिथे तासभर टांग. मग हवा काढून तो चुरगळलेला फुगा गायगर काउंटरजवळ धर, आणि दोन तास दर पाच मिनिटांचे आकडे लिही. आकडे वाढलेले दिसतील, आणि अर्ध्या ते पाऊण तासात साधारण निम्मे होत जातील. चांदीच्या पत्र्याचीच गोष्ट, फक्त सावकाश आणि जिवाला धोका नसलेली. काउंटर तुमच्या शेजारच्या सायन्स कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये बहुतेक असेल, बीएस्सीच्या प्रयोगांना लागतोच. सरांना नीट विचारलं तर देतात, माझा अनुभव आहे. आणि हे पावसाळ्यात करू नकोस, दमट हवेत फुगा चार्ज धरत नाही.

दोन गोष्टी मात्र विसरायच्या नाहीत. फुगा आणण्याआधी रिकाम्या काउंटरचे निदान अर्ध्या तासाचे आकडे घे. आणि त्याच खोलीत न घासलेला दुसरा फुगा टांगून त्याचेही घे. बाकीच्या श्रोत्यांपैकी कुणी करणार असेल तर त्यांनीही. आकड्यांच्या वहीचा फोटो पाठवा, पुढच्या महिन्यात सगळ्यांचे आलेख एकत्र लावून बघू. रिकाम्या काउंटरचे आकडे नसतील तर मी आधी तेच मागणार आहे.